करंडी, करंडक, करंडा

घोडबंदरच्या किल्ल्यावर उभे राहिले की उत्तरेला खाडी दिसते, तिच्यावरचा वर्सोवा पूल दिसतो आणि पलीकडे वसई तालुका. आमच्या गावात येणारे इतिहासप्रेमी बहुधा किल्ल्यासाठी येतात. अरबी घोड्यांच्या व्यापारावरून गावाचे नाव पडले असे त्यांना कोणीतरी सांगतो, १७३७ साली मराठ्यांनी किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला हेही सांगतो, आणि मंडळी बुरुजावर फोटो काढून परत जातात. माझे लक्ष मात्र बरीच वर्षे किल्ल्यावर उभे राहूनही किल्ल्याकडे नव्हते. ते खाडीपलीकडे होते, नालासोपाऱ्याच्या एका टेकाडाकडे. तिथे १८८२च्या एप्रिल महिन्यात एक डबा उघडला गेला. डबा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे.

पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ईस्टरच्या सुट्टीत सोपाऱ्याचे ते टेकाड खणले. आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या गर्भात दगडाची एक मोठी गोल पेटी होती. पेटीच्या मधोमध तांब्याचा अंडाकृती करंडक आणि त्याच्या भोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. मधल्या जागांत सोन्याची फुले, रत्ने आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. गौतम बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ते जपले असावेत, असा भगवानलालांचा तर्क. हा सगळा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. काचेआड तो पाहताना माझ्या मनात जो विचार आला तो भक्तीचा नव्हता, आणि विद्वत्तेचाही नव्हता. आयुष्याची अकरा वर्षे मी पॅकिंग खात्यात काढली. मी मनात थर मोजत होतो. दगड, तांबे, चांदी, दगड, स्फटिक, सोने. सहा थर, आणि आत फुटके मातीचे भांडे.

आणखी एक गंमत. त्या टेकाडाला गावकरी 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. हा राजा जातीने बुरूड, म्हणजे टोपल्या विणणारा होता, अशी आख्यायिका भगवानलालांनीच नोंदवली आहे. आख्यायिका खरी की खोटी हा प्रश्न सोडून देऊ. पण जगातल्या एका अत्यंत जपून बांधलेल्या पेटीवर बुरुडाचे नाव लागावे, हे मला फार समर्पक वाटते. कारण संस्कृतात 'करण्ड' म्हणजे बांबूची झाकणाची टोपली. त्याच शब्दाची आपल्याकडे तीन लेकरे झाली. आंब्याची आणि मासळीची ती करंडी. अस्थी-अवशेष ठेवायचा तो करंडक, जो पुढे नाटकांच्या स्पर्धेत बक्षीस म्हणूनही मिळू लागला. आणि बाईच्या कुंकवाचा तो करंडा. अन्न, श्रद्धा आणि प्रसाधन या तिघांना एकाच शब्दाच्या पोटात घालणाऱ्या भाषेला पॅकिंगचा इतिहास वेगळा शिकवायची गरज नाही.

या तिघांतली पहिली करंडी. ती सच्छिद्र असते, आणि ते तिचे वैगुण्य नाही. ओला मासा बंद डब्यात घातला तर तो तासाभरात घाण मारू लागतो. करंडीत पाणी निथळते, वारा फिरतो, मासा बाजारापर्यंत पोचतो. म्हणजे राखायचे असेल तर आधी पाणी काढून टाकायचे, हा पहिला धडा. आमच्या पंचक्रोशीत हा धडा गिरवणारे तीन कारखाने शेकडो वर्षे चालत आले: मिठागरे, उत्तनचे बोंबील आणि आगाशीची सुकेळी.

बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. त्याला मीठ न लावता वाळवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांची जोडी बांबूच्या मांडवावर ताणलेल्या दोरीवर टाकतात. खालून वरून वारा लागला पाहिजे. उत्तनला एका मावशींना मी एकदा शास्त्रीय आव आणून विचारले होते, मीठ न लावता हे टिकते कसे? त्या हात न थांबवता म्हणाल्या, "पानी गेला, मंग मासा टिकला." मी नंतर अन्नशास्त्राची दोन जाडजूड पुस्तके वाचली. त्यांत याहून जास्त काही नाही. जंतूंना आणि बुरशीला जगायला पाणी लागते. ते सुकवून घालवा, किंवा मीठ-साखर घालून असे बांधून टाका की त्यांना वापरता येऊ नये. लोणचे, मुरांबा, खारवलेली सुरमई, पापड, सांडगे या सगळ्यांच्या मुळाशी हेच. लोणचे या शब्दातच लवण आहे.

माझे आजोबा भाईंदरच्या मिठागरावर राबले. उधाणाचे पाणी आत घ्यायचे, उन्हात एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत घट्ट करायचे, आणि शेवटच्या वाफ्यात दाणा धरला की फळीने ओढून काढायचे. पावसाआधी मिठाची रास रचली की तिच्यावर गवत शाकारावे लागे. लहानपणी मला वाटायचे ती घरेच आहेत. जगाला टिकवणारे मीठ स्वतः मात्र पाण्याला इतके भिते की त्यालाच छप्पर घालावे लागते, हे आजोबा हसत सांगत. पुढे कळले की कौटिल्याने मिठावर स्वतंत्र अधिकारी नेमला होता, लवणाध्यक्ष. मिठावर कर बसवणे म्हणजे मासा, लोणचे, कातडे, सगळ्यांच्या टिकण्यावर कर बसवणे, हे त्या अर्थतज्ज्ञाला चांगले कळत होते. इंग्रजांनाही कळले. मिठावरचा कर इतका जड होता की मासळी खारवणे कोळ्यांना परवडेना, आणि १८७३च्या आपल्या अहवालात मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांना कोळ्यांसाठी स्वस्त मिठाची रदबदली करावी लागली. त्यातून किनाऱ्यावर सरकारी देखरेखीखाली मासे खारवण्याची आवारे निघाली. मीठ स्वस्त, पण शिपायाच्या नजरेसमोरच वापरायचे.

आगाशी सोपाऱ्याला लागून. तिथली सुकवलेली केळी १८८२च्या ठाणे गॅझेटियरलाही ठाऊक होती. पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवतात, मधासारखा रंग आला की सुकलेल्या केळीच्याच पानात गुंडाळून पुडके बांधतात. फळ केळीचे, वेष्टन केळीचे. खाऊन झाले की वेष्टन गोठ्यात किंवा चुलीत. या वेष्टनाचा पुढे काय प्रश्न होईल याचा विचार करायची पाळी कोणावर आली नाही.

याच किनाऱ्यावरच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत बाटली मसाला होतो. उन्हाळ्यात मिरच्या आणि दोन डझनांच्या आसपास जिन्नस भाजून कुटायचे आणि बिअरच्या रिकाम्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचे. ठासल्याने आत हवा राहत नाही, तपकिरी काचेमुळे ऊन लागत नाही, बूच घट्ट बसले की वर्षाची ददात मिटली. औषधाच्या कंपन्या तपकिरी बाटली का वापरतात याचे उत्तर त्या बायकांनी व्याख्यान न देता काढले होते. मसाले गावावरून, जिन्नसावरून, रंगावरून ओळखले जातात. भरण्याच्या भांड्यावरून नाव पडलेला दुसरा मसाला मला अजून सापडलेला नाही.

घाटावर आणि कोकणात तेच काम चिनी मातीची बरणी करत होती. बरणीला धातूचे झाकण चालत नाही, आंबट आणि खारट दोन्ही धातूला खातात. म्हणून तोंडावर फडके घालून वरून दोरी आवळायची. त्या फडक्याला दादरा म्हणतात. दादरा सोडायचा अधिकार घरात एकाच बाईकडे असे, आणि तोही आंघोळ करून, कोरड्या हाताने, कोरड्या पळीने. आम्ही याला सोवळे-ओवळे म्हणून हसलो. त्यात जातपातीचा आणि बाईला बाजूला बसवण्याचा जाच होताच, तो मी नाकारत नाही. पण ओला हात बरणीत जाऊ नये हा त्यातला भाग शुद्ध जंतुशास्त्र होता.

आता समुद्रावरून आलेल्या भांड्यांकडे वळायला हवे, कारण आमची खाडी नुसती मिठाची नव्हती, मालाचीही होती. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात सुप्पारा म्हणजे सोपारा आणि कल्लिएना म्हणजे कल्याण ही बंदरे येतात. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. दारू, तांबे, कथील, पोवळे आणि सुगंधी लेप. लेपाबद्दल लेखक व्यापाऱ्याला सावध करतो की तो फार महागाचा आणू नका, फारसा आणूही नका. राजासाठी मात्र उत्तमातला उत्तम आणा. परदेशी क्रीम सामान्यांना बेताचे आणि वरच्यांना उंची, ही विभागणी दोन हजार वर्षांची जुनी आहे हे वाचून मला मुंबईतल्या मॉलचा तळमजला आठवला.

हा माल ज्यांतून येई त्या मातीच्या कुंभांची खापरे घारापुरीला सापडली. पूर्वी ती सरसकट रोमन मद्यकुंभांची मानली जात. रोबर्टा टॉम्बर या अभ्यासक बाईंनी ती पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीचशी इराणी आखाताकडच्या लांबट, निमुळत्या बुडाच्या कुंभांची निघाली. त्यांची ओळख कशी पटली? आतल्या काळ्या थरावरून. कच्ची माती पाझरते, म्हणून त्यांना आतून डांबराचा लेप दिलेला असे. आजच्या पत्र्याच्या डब्याला आतून जे लाखेसारखे अस्तर असते त्याचा हा पूर्वज. मद्य कधीच संपले, त्याची चव कोणाला सांगता येणार नाही. अस्तर राहिले, आणि त्याच अस्तराने कित्येक शतकांनी माल कुठून आला ते सांगितले. पोर्तुगीज आले तेव्हा लाकडी पिंपे घेऊन आले. 'पिंप' हा शब्द त्यांच्याच 'पिपा'चा. घोडबंदरच्या किल्ल्यावरून त्यांना जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, आमच्या न्हाणीघरातून ते अजून गेलेले नाहीत.

प्रसाधनांचा इतिहास शोधू लागलो तेव्हा मला पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांचे लेख हाती लागले. माझ्यासारख्या पदवीपुरत्या शिकलेल्या, ग्रंथालयात चाचपडत फिरणाऱ्या माणसाला गोडे म्हणजे मोठा आधार. गव्हापासून पेढ्यापर्यंत आणि पतंगापासून नथीपर्यंत कुठल्याही वस्तूचा इतिहास हा माणूस हस्तलिखितांतून काढून समोर ठेवतो. त्यांनी 'गंधसार' आणि 'गंधवाद' या दोन ग्रंथांकडे लक्ष वेधले. त्यांपैकी 'गंधवाद'वर मराठी टीका आहे आणि तिचा काळ गोडे १३५० ते १५५० यांच्या दरम्यान धरतात. म्हणजे मुसलमानी अत्तरे दरबारात रुळत होती त्या काळात कोणीतरी मराठीत सुगंधाच्या कृती समजावून सांगत होता. 'गंधसार'मध्ये द्रव्यांवरच्या सहा क्रिया दिल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. मी या कृतींकडे पाहतो तो पॅकिंगवाल्याच्या नजरेने. चूर्णे, तेले, धूप, उटणी. शेवटी हातात उरणाऱ्या वस्तूत पाणी जवळजवळ नाही.

घरातले प्रसाधनही तसेच. आजीची फणेरपेटी आठवा. आरसा, फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा. कपाळावर आधी मेणाचा ठिपका, त्यावर कुंकू. हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार यांची प्रक्रिया करून वाळवलेले ते कोरडे चूर्ण. काजळ तुपात किंवा एरंडेलात. उटणे सुके, भिजवायचे ते अभ्यंगाच्या पहाटे, हातावर, लागेल तेवढेच. पाणी शेवटच्या क्षणी मिसळायचे, साठवायचे नाही. म्हणूनच करंड्याच्या लाकडी झाकणाला घट्ट आटे लागले नाहीत आणि कुंकवावर कुणी तारीख छापली नाही.

दोन्ही गोष्टी बदलल्या त्या पाणी पुन्हा आत आल्यावर. १८१०मध्ये फ्रान्सच्या निकोला ॲपेरला सरकारने बारा हजार फ्रँक दिले, अट ही की पद्धत छापून सर्वांना सांगायची. तो मिठाईवाला होता, शास्त्रज्ञ नव्हता. रस्सा, मटार, दूध हे सगळे पाण्यासकट काचेच्या बाटलीत भरायचे, बूच मारून तारेने आवळायचे आणि बाटली उकळत ठेवायची. अन्न का टिकते ते त्याला माहीत नव्हते. ते पुढे पाश्चरने सांगितले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचे पेटंट झाले. डबा उघडायची किल्ली मात्र १८५०च्या दशकात आली. तोपर्यंत छिन्नी आणि हातोडा. टिकवण्याची घाई मोठी, खाणाऱ्याची सोय मागून, हा या धंद्याचा स्वभाव तेव्हापासूनचा आहे.

ॲपेरची पद्धत चालवायची तर काच हवी, आणि काच आपल्याकडे बाहेरून येई. इथे मराठी माणसाचे एक प्रकरण आहे, ज्याचा आपल्याला विसर पडला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर फिरून माणशी एक पैसा गोळा करायला सुरुवात केली, टिळकांनी पाठबळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. १९१६मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. ओगल्यांचा प्रभाकर कंदील सर्वांना आठवतो, तळेगावचा पैसा मात्र कुणाला आठवत नाही. स्वदेशीचा अर्थ आपण कापडापुरता ठेवला. पण बाटली परकी असेल तर तिच्यातले स्वदेशी औषध किंवा तेल किती स्वदेशी, हा प्रश्न त्या पिढीला पडला होता.

त्या प्रश्नाचे उत्तर किती अवघड होते ते मुंबईतच दिसते. ई. एस. पाटणवाला यांनी १९१९मध्ये अफगाण स्नो हे क्रीम काढले. आमच्या आईच्या पिढीचे ते पहिले 'स्नो'. त्याच्या सुरुवातीच्या बरण्या जर्मनीहून आणि लेबले जपानहून येत, ही हकीकत प्रसिद्ध आहे. माल देशी, घर परदेशी. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी. स्नो म्हणजे मेणासारखा स्निग्ध पदार्थ आणि पाणी यांचे घोटून एकजीव केलेले मिश्रण, आणि त्यात पाण्याचाच वाटा मोठा. लावले की पाणी उडते, त्वचेला थंड वाटते, तेलकटपणा उरत नाही. लोकांना आवडले ते हेच. आणि जंतूंनाही आवडले ते हेच. उटण्याने ज्याला दारात उभे केले नव्हते ते पाणी आता बरणीत राहायला आले. मग त्याच्याबरोबर राखणदारही ठेवावा लागला. १९२०-३०च्या दशकांत पॅराबेन नावाची रसायने त्या कामाला आली. आंब्याच्या स्क्वॅशमध्ये असते ते सोडियम बेंझोएटही काही प्रसाधनांत असते. लोणच्याच्या बाटलीचे आणि शाम्पूच्या बाटलीचे बारीक अक्षर शेजारी ठेवून वाचा, एखादा सामाईक नातेवाईक सापडेल.

या राखणदारांबद्दल आजकाल फार भीती पसरवली जाते. 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असे मोठ्या अक्षरांत छापून दुप्पट भाव लावतात. मला ती भीती मान्य नाही. पाणी असलेल्या क्रीममध्ये राखणदार नसणे हे असण्यापेक्षा धोक्याचे. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती सांगायची तर मला माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे.

नव्वदीच्या दशकात मी आमच्या भागातल्या एका लहान कारखान्यात पॅकिंग आणि डिस्पॅच सांभाळत होतो. नाव सांगत नाही, कारखाना आता नाही. दुसऱ्यांच्या ब्रँडची क्रीमे आम्ही भरून देत असू. कायद्याने बॅच नंबर, परवाना नंबर आणि 'अमुक महिन्यापूर्वी वापरा' हे छापावेच लागते. ते छापणारा मी. १९९६च्या पावसाळ्याआधी एका मोठ्या व्यापाऱ्याकडून माल परत आला, मुदत संपत आलेला. मालकांनी मला बोलावून घेतले. खोके बदलायचे, बरणीच्या बुडावरची शाई थिनरच्या बोळ्याने पुसायची, नवी तारीख मारायची. मी विचारले, "साहेब, आतला माल?" ते म्हणाले, "आतल्या मालाला काय धाड भरलीय? तारीख आपणच टाकली होती ना?"

हे उत्तर मला तेव्हा खोडता आले नाही. तारीख खरोखरच आम्ही टाकली होती. ती कुठल्या तपासणीतून आली हे मला कधी कोणी सांगितले नव्हते. मी तीन रात्री बसून ते काम केले. हातांना थिनरचा वास आठवडाभर होता. त्यातली एक बरणी मी घरी आणली. अशा बरण्या आम्ही आणत असू. आईने झाकण उघडले, बोटावर घेतले, नाकाशी नेले आणि बरणी बाजूला ठेवली. म्हणाली, "वरून गुलाब आहे रे, पण आतून कुबट येतंय."

आईला वाचता येत नव्हते. मी छापलेली खोटी तारीख तिच्यापुरती नव्हतीच. तिने आयुष्यभर लोणचे, बोंबील, तूप, पीठ नाकाने, बोटाने आणि जिभेने तपासले होते, तसेच हेही तपासले. पण दुकानात सीलबंद बरणी विकत घेणाऱ्या बाईला हे करता येत नाही. वेष्टनाने माल वाऱ्यापासून वाचवला, तसा गिऱ्हाइकाच्या नाकापासूनही वाचवला. नाक काढून घेतले आणि त्याच्या बदल्यात तारीख दिली. ती तारीख माझ्यासारखा पगारी माणूस रात्री बोळ्याने पुसू शकत होता. त्यानंतर दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली. लगेच सोडली असे लिहायला मला आवडले असते.

या विषयाचे माझे वाचन तिथून सुरू झाले. आणि पहिली जी बातमी मी कापून ठेवली ती बोंबलाची होती. १९९७मध्ये युरोपीय आयोगाच्या नियमांमुळे बोंबलाची आयात तिकडे बंद झाली. माशात काही दोष सापडला म्हणून नव्हे. भारतातून मासळी घ्यायची ती मान्यताप्राप्त गोठवण-केंद्रातून किंवा डबाबंद कारखान्यातून, असा नियम. आणि बोंबील तर उघड्यावर, दोरीवर, वाऱ्यात वाळतो. त्याला छप्परच नाही, मग मान्यता कशाला द्यायची? इंग्लंडमधल्या चाहत्यांनी ओरड केली, वाटाघाटी झाल्या आणि शेवटी तोडगा निघाला. बोंबील उघड्यावरच वाळवा, पण पॅक करा ते मान्यताप्राप्त केंद्रात. मासा तोच, दोरी तीच, वारा तोच. पुडक्यावर शिक्का आला आणि मासा पुन्हा खाण्याजोगा ठरला. मालकांचे ते वाक्य मला त्या बातमीत वेगळ्या भाषेत पुन्हा ऐकू आले.

पुढची हकीकत सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे, म्हणून थोडक्यात. ऐंशीच्या दशकात तमिळनाडूतल्या कडलूरकडून शाम्पूची लहान पुडी आली आणि बाटली न परवडणाऱ्या घरांत शाम्पू पोचला. ही गोष्ट मी कमी लेखत नाही. माझ्या बहिणीने शाम्पू पहिल्यांदा वापरला तो पुडीतलाच. पण ती पुडी म्हणजे बाहेरून पॉलिएस्टर, मध्ये ॲल्युमिनियम, आत पॉलिथीन असे चिकटवलेले थर, जे पुन्हा वेगळे करता येत नाहीत. सोपाऱ्याच्या पेटीचेही थर होते, पण ते एकेक करून उघडता आले. पुडीतला शाम्पू एका आंघोळीचा. पुडी आमच्या नातवंडांनाही पुरून उरेल. २०१८मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी केली, तेव्हा आमच्या बाजारातून पिशव्या काही महिने गेल्या आणि परत आल्या. पुड्या कुठे गेल्याच नव्हत्या. मिरा-भाईंदरचा कचरा उत्तनजवळ धावगीच्या डोंगरावर जातो. तिथे उन्हाळ्यात आगी लागतात, आणि वारा फिरला की तो धूर खाली गावांवर उतरतो, जिथे बोंबील वाळत असतात.

सोपाऱ्याच्या पेटीबद्दल एक गोष्ट मी सांगायची ठेवली होती. स्तूप आणि नाणे दुसऱ्या शतकातले. पण करंडकाभोवतीच्या त्या आठ मूर्ती अभ्यासक आठव्या-नवव्या शतकांच्या आसपासच्या मानतात. म्हणजे मध्ये सहा-सातशे वर्षांनी कोणीतरी पेटी उघडली. आत पाहिले असेल, तेरा खापऱ्या मोजल्या असतील, मूर्ती ठेवल्या आणि झाकण पुन्हा बसवले. जुने नाणे त्यांनी काढले नाही. त्यामुळेच भगवानलालांना पेटीचा पहिला काळ कळला, आणि मूर्तींवरून आपल्याला दुसरा. पेटी पुन्हा बंद करणाऱ्यांनी आधीची तारीख पुसली नव्हती. काचेपाशी उभा असताना मला हे समजले तेव्हा बोटांना तो थिनरचा वास आला असे मी म्हणणार नाही, पण मी खिशात हात घातले एवढे खरे.

गेल्या मे महिन्यात पुन्हा उत्तनला गेलो होतो. मावशी आता थकल्या आहेत, मांडवावर सून चढते. धावगीच्या बाजूने थोडा धूर येत होता. मी पाव किलो सुके बोंबील मागितले. सुनेने ते पातळ पिशवीत भरून वर गाठ मारली. मावशींनी तिच्या हातून पिशवी घेतली, गाठ सोडली, एक बोंबील काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "आदी हुंग. मंग पैशे दे."